पाहुण्यांसाठी घरचे गोड आणि साठवणीचे मुरांबे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी आठ-दहा माणसे जेवायला बोलावली की भाजी, आमटी, भात यांचा बेत चटकन ठरतो आणि गाडी गोडावर येऊन अडते. पुढील प्रश्न बहुतेक अशाच प्रसंगी विचारले जातात. काही उत्तरे मोठी आहेत, कारण तिथे चूक होण्याच्या जागा जास्त आहेत; काहींना दोन वाक्ये पुरेशी आहेत.

पाहुणे येणार असतील तर गोड पदार्थ कोणता निवडावा?

जो आदल्या दिवशी पूर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो तो. पुरणपोळी, गुलाबजाम, जिलबी हे पदार्थ उत्तम असले तरी त्यांपैकी प्रत्येकाला ऐन वेळी तव्यापाशी, कढईपाशी किंवा पाकापाशी कुणीतरी उभे राहावे लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा ज्यांना भेटायला पाहुणे आलेले असतात तीच व्यक्ती असते. श्रीखंड, बासुंदी, नारळाच्या वड्या, शहाळ्याची जेली यांचे तसे नाही. त्याहून एक पाऊल मागे गेले तर उन्हाळ्यात करून ठेवलेला साखरांबा किंवा गुळांबा हा सहा महिने आधीच तयार असलेला गोड पदार्थ आहे. आपण त्याला पानाच्या डाव्या बाजूला चटणीच्या शेजारी बसवून ठेवले आहे, एवढेच.

बारा माणसांना श्रीखंड करायचे तर किती दूध, किती चक्का, किती साखर?

पुरी-भाजीबरोबर श्रीखंड असेल तर माणशी 125 ते 150 ग्रॅम धरावे. बारा जणांना 1 किलो चक्का आणि 700 ते 750 ग्रॅम साखर घेतली की पाऊणे दोन किलोच्या आसपास श्रीखंड होते आणि घरच्यांना रात्री वाटीभर उरते. म्हशीच्या 1 लिटर दुधाच्या दह्यातून साधारण 350 ते 400 ग्रॅम चक्का निघतो, म्हणून 1 किलो चक्क्याला पाऊणे तीन लिटर दूध लागेल. जुन्या मापाने चक्का आणि साखर समसमान घेत असत. आजच्या जिभेला ते फार गोड लागते. मात्र साखर अर्ध्यावर आणली तर हाती येते ते गोड दही, श्रीखंड नव्हे.

दही ताजे आणि गोडसर असावे. ते स्वच्छ सुती पंच्यात बांधून सात-आठ तास टांगावे. मार्चनंतर स्वयंपाकघरात टांगलेले दही रात्रीतून आंबते, म्हणून गाठोडे चाळणीत ठेवून, चाळणी पातेल्यावर ठेवून, वर वजन देऊन सगळे फ्रीजमध्ये सरकवावे. खाली जमा झालेले पाणी फेकू नये. पुऱ्यांची कणीक त्याच पाण्यात भिजवावी.

एवढे करूनही श्रीखंड सैल झाले. काय चुकले?

तीन शक्यता आहेत. पहिली म्हणजे चक्क्यात पाणी राहिले होते. साखर त्या पाण्यात विरघळते आणि पाहता पाहता घट्ट गोळा पळीने ओतता येईल असा होतो. चक्का तयार झाल्याची खूण अशी, की पंचा उघडल्यावर तो कापडापासून स्वच्छ सुटतो आणि बोटाने दाबल्यास खळगा तसाच राहतो. दुसरी शक्यता मिक्सरची. मिक्सरच्या पात्याने दह्याची घडण मोडते आणि मोडलेली घडण परत जुळत नाही. मी एकदा वेळ वाचवण्यासाठी हा उपद्व्याप केला आणि दसऱ्याच्या दिवशी पुऱ्यांबरोबर चक्क पियूष वाढले. पाहुण्यांनी ते कौतुकाने प्यायले, हा त्यांचा मोठेपणा. चक्का आणि साखर एकत्र करून दोन तास झाकून ठेवावे आणि मग पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून किंवा रव्याच्या चाळणीतून तळहाताने घासून काढावे. तिसरी शक्यता दुधाची: गाईच्या दुधात स्निग्धांश कमी असल्याने त्याचा चक्का मुळातच मऊ पडतो.

सैल झालेले श्रीखंड पाच-सहा तास फ्रीजमध्ये ठेवल्यास थोडे आळते. त्यात दूध पावडर मिसळण्याचा उपाय सांगितला जातो, पण तिची चव लपत नाही. त्यापेक्षा ते काचेच्या छोट्या पेल्यांत भरून, वर चारोळ्या आणि केशर घालून वाढावे.

श्रीखंडात जायफळ घालावे की वेलची?

दोन्ही. जायफळ सहाणेवर उगाळून किंवा ऐन वेळी किसून, आणि बेताने. केशर गरम दुधात भिजवायचे तर दूध एक चमचाच घ्यावे.

आम्रखंड किंवा फळांचे श्रीखंड कधीकधी कडू का लागते?

आम्रखंड सहसा कडू लागत नाही, ते सैल होते. दोन भाग चक्क्याला एक भाग हापूसचा रस पुरतो, आणि तोही आधी जाड बुडाच्या पातेल्यात आटवून, गार करून घातला तर दाटपणा टिकतो. कडूपणा येतो तो कच्चा अननस, किवी किंवा पपई यांमुळे. या फळांत प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात आणि ती दुधातील प्रथिनांवर काम करू लागली की तासाभरात पाणी सुटते आणि जिभेवर कडवट चव रेंगाळते. अननस साखरेबरोबर पाच-सात मिनिटे शिजवून, गार करून घातला तर त्रास होत नाही, कारण उष्णतेने ही विकरे निकामी होतात. डब्यातला अननस तापवून भरलेला असतो, म्हणून तो चालतो.

बासुंदी किती आटवावी आणि साखर कधी घालावी?

म्हशीचे 2 लिटर दूध घेतल्यास ते सव्वा लिटरच्या आसपास येईपर्यंत आटवावे. त्यात आठ जणांचे भागते. गार झाल्यावर बासुंदी आणखी दाटते, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी पातळ असतानाच गॅस बंद करावा. पसरट, जाड बुडाची कढई घ्यावी, कारण रुंद तोंडातून वाफ लवकर निघून जाते. कडेला धरलेली साय उलथन्याने खरवडून परत दुधात ढकलत राहावे. बासुंदीची रवाळ चव तिथून येते. साखर, 2 लिटर दुधाला 150 ग्रॅमच्या आसपास, शेवटच्या दहा मिनिटांत घालावी. ती आधी घातल्यास दूध तळाशी लागण्याचा धोका वाढतो. लागलेच, तर ढवळू नये. वरचे दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावे आणि तळ तसाच सोडून द्यावा.

आटवलेल्या गोड दुधाचा डबा वापरण्यात काही कमीपणा नाही. 1 लिटर दूध पाऊण होईपर्यंत उकळून त्यात अर्धा डबा घालावा, आणि वेगळी साखर घालू नये.

सीताफळ बासुंदी फाटते किंवा कडवट होते. का?

गर गरम दुधात गेला म्हणून. बासुंदी पूर्ण गार करून, फ्रीजमध्ये ठेवून, वाढण्यापूर्वी तासभर आधी तिच्यात गर मिसळावा आणि त्यानंतर ती पुन्हा तापवू नये. गर काढण्यासाठी मिक्सर वापरू नये, कारण बी फुटता कामा नये. ती कडू तर असतेच, पण पोटात जाणे घातकही असते. मोठ्या भोकांच्या चाळणीवर गर ठेवून बोटांनी फिरवत घासावे, म्हणजे बिया वर राहतात.

नारळाच्या वड्या कधी पडतात तर कधी भुगा होतो.

या पदार्थात सामान दोनच, नारळ आणि साखर, त्यामुळे सगळी करामत थांबण्याच्या क्षणाची आहे. खोवलेला नारळ दोन वाट्या, साखर दीड वाटी, दूध अर्धी वाटी असे एकत्र करून मध्यम आचेवर ढवळत राहावे. खवताना करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नये, नाहीतर वड्या मळकट दिसतात. सुरुवातीला मिश्रण पातळ होते, मग मोठे बुडबुडे येतात, मग ते कढईच्या कडा सोडू लागते आणि शेवटी उलथन्याभोवती गोळा होऊन फिरते. त्याच वेळी कढईच्या काठावर साखरेची पांढरी रेघ दिसू लागते. ती दिसताच गॅस बंद करून, आणखी मिनिटभर घोटून, तूप लावलेल्या ताटात थापावे. वाटीच्या तुपाळ बुडाने वरून एकसारखे करावे आणि कोमट असतानाच सुरी फिरवावी.

वड्या पडल्या नाहीत तर मिश्रण थोडे आणखी शिजवावे. भुगा झाला तर तीन-चार चमचे दूध घालून पुन्हा मंद आचेवर गोळा करावे. दोन्ही चुका दुरुस्त होतात, म्हणून नवख्याने पहिल्यांदा हाच पदार्थ करावा.

ऐन मे महिन्यात काहीतरी थंड, हलके आणि पूर्ण शाकाहारी हवे आहे.

शहाळ्याची जेली करावी. जिलेटीन प्राणिजन्य असते, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना ते चालत नाही. शिवाय मुंबईच्या उकाड्यात जिलेटीनची जेली टेबलावर आणेपर्यंत तिचे सरबत होऊ लागते. अगर-अगर, ज्याला दुकानदार चायना ग्रास म्हणतात, ते समुद्री शेवाळापासून तयार होते, साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की सुमारे 85 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. 1 लिटर द्रवाला 8 ते 10 ग्रॅम पूड पुरते. ती दीड वाटी पाण्यात मिसळून, उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे पूर्ण विरघळेपर्यंत शिजवावी, चार-पाच चमचे साखर घालावी आणि मग तिच्यात शहाळ्याचे पाणी ओतावे. हे पाणी फ्रीजमधले नसावे. गार पाणी पडताच अगरच्या गुठळ्या होतात. शहाळ्यातल्या मलईचे तुकडे वाट्यांच्या तळाशी ठेवून वरून मिश्रण ओतले की अर्ध्या तासात काम होते. मलई तळाशी पांढरी, वर पाण्यासारखी नितळ जेली, आणि खर्च दोन-तीन शहाळ्यांचा.

साखरांबा, मुरांबा, गुळांबा यांत नेमका फरक काय?

ज्या घरात विचाराल तिथे वेगळे उत्तर मिळेल. आमच्याकडे किसाचा तो साखरांबा, फोडींचा तो मुरांबा आणि साखरेऐवजी गूळ घातला की गुळांबा. शेजारच्या घरी पहिली दोन नावे बरोबर उलटी आहेत. आवळ्याचा मोरावळा म्हणजेही आवळ्याचा मुरांबाच. गुजराती छुंदा मात्र मूळ पद्धतीने उन्हात मुरवतात आणि त्यात तिखट-जिरे असते. मेथांबा या मंडळींत बसत नाही. तो फोडणीचा, आठवड्याभरात संपवायचा पदार्थ आहे.

साखरांब्याचा किस वातड होतो. तो मऊ राहण्यासाठी काय करावे?

किस साखरेत जाण्यापूर्वी पूर्ण शिजला पाहिजे. कच्च्या फळाच्या पेशींतले पाणी साखर ओढून घेते, पेशी आक्रसतात आणि त्यानंतर कितीही शिजवले तरी किस दोऱ्यासारखा चिवट राहतो. म्हणून कैरी किसून, पाणी न घालता, कुकरमध्ये शिटी न लावता दहा मिनिटे वाफवावी. दोन बोटांत चिरडली गेली की साखर घालावी. कैरी राजापुरीसारखी मोठी, कमी रेषांची आणि आंबट घ्यावी. तोतापुरीचा साखरांबा होतो, पण त्याला आंबटपणाची धार नसते.

प्रमाण 1 किलो किसाला सव्वा किलो साखर. कैरी फार आंबट असेल तर दीड किलो. लवंगा चार-पाच, वेलची शेवटी, केशर असल्यास उत्तम.

पाक झाला हे नक्की कसे ओळखायचे?

साखरांबा बिघडण्याची बहुतेक प्रकरणे इथेच घडतात, म्हणून सविस्तर सांगणे भाग आहे. पाक कच्चा राहिला तर श्रावणात बुरशी येते. जास्त झाला तर दिवाळीपर्यंत बरणीत चमचा रुतत नाही. मुरांबा टिकतो तो साखरेमुळे. तयार पदार्थात साखर आणि इतर विरघळलेला अंश मिळून 65 ते 68 टक्के झाला की जंतूंना वाढण्यासाठी मोकळे पाणी फारसे उरत नाही. आजीने दोन बोटांत धरलेली तार आणि कारखान्यातले मोजमाप ही एकाच गोष्टीची दोन परिमाणे आहेत.

डोळ्यांना दिसणारी पहिली खूण किसाची असते. फिकट हिरवट-पांढरा किस काचेसारखा पारदर्शक होतो आणि त्याचा रंग मधासारखा उतरतो. दुसरी खूण कानाला कळते: सुरुवातीचा पाणचट खळखळाट थांबून जड, संथ बुडबुडे फुटू लागतात आणि हातावर उडालेला थेंब चांगलाच भाजतो. त्या वेळी उलथन्यावरचा थेंब बशीत घेऊन, क्षणभर गार करून, अंगठा आणि तर्जनी यांत धरून बोटे हळूच उघडावीत. एक तार निघून लगेच तुटली की आणखी दोन-तीन मिनिटे. तार सलग ताणली गेली की गॅस बंद. गार झाल्यावर साखरांबा घट्ट होतो हे लक्षात ठेवून, अजून थोडा सैल वाटतो आहे तिथेच थांबावे.

ज्यांना बोटांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी तापमापक आहे. समुद्रसपाटीला साधारण 104 ते 105 अंश सेल्सिअसला हा टप्पा येतो. पण हा आकडा मुंबई-रत्नागिरीचा झाला. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते: सुमारे 560 मीटर उंचीच्या पुण्यात 98 अंशांच्या आसपास, महाबळेश्वरला तर 96 च्याही खाली. म्हणून आपल्या गावी पाणी किती अंशांना उकळते ते आधी पाहावे आणि त्यात चार-पाच अंश मिळवावेत.

मला स्वतःला तिसरी युक्ती सर्वात बिनचूक वाटते आणि ती फारसे कुणी करत नाही. रिकामे पातेले उलथन्यासकट आधी तोलून ठेवावे. 1 किलो कैरी आणि सव्वा किलो साखर यांचा साखरांबा पातेल्याचे वजन वगळता 2 किलोच्या आसपास आला की तो झाला.

साखर निम्मी केली तर चालेल का?

चालेल, पण मग तो फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायचा ताजा पदार्थ असतो. कमी साखरेचा मुरांबा कपाटात ठेवून टिकण्याची अपेक्षा करणे योग्य नाही.

बरणीत साखरेचे खडे झाले आहेत. आता काय करावे?

पाक पुढे गेला किंवा आंबटपणा कमी पडला. बरणीतले सगळे पातेल्यात काढून, अर्धी वाटी पाणी आणि एका लिंबाचा रस घालून, मंद आचेवर खडे विरघळेपर्यंत तापवावे. आंबट रसामुळे काही साखरेचे रूप बदलते आणि ती पुन्हा सहज खडे धरत नाही. यामुळेच आंबट कैरीचा साखरांबा क्वचित खडे धरतो.

महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीचा जाम पातळच राहतो.

स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जाम घट्ट धरणारा फळातला नैसर्गिक घटक, कमी असते. पेक्टिन, आम्ल आणि साखर या तिघांची गाठ पडल्याशिवाय जाम धरत नाही. कैरी, आवळा, पेरू आणि आंबट सफरचंद यांत पेक्टिन भरपूर असते, म्हणून त्यांना मदतीची गरज नसते. 1 किलो स्ट्रॉबेरीला 800 ग्रॅम साखर लावून दोन-तीन तास ठेवावे, एक हिरवे सफरचंद सालासकट किसून घालावे आणि दोन लिंबांचा रस पिळून मोठ्या आचेवर भराभर शिजवावे. मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलेल्या जामचा रंग विटतो. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा. पृष्ठभागावर सुरकुती पडली की जाम झाला. फळे पूर्ण पिकलेल्या डब्यात थोडी अर्धकच्ची निघाली तर ती टाकू नयेत, त्यांत पेक्टिन जास्त असते.

तरीही पातळ राहिला, तर त्याला जाम न म्हणता सॉस म्हणावे आणि आइसक्रीमवर वाढावा.

कोणते भांडे वापरावे?

स्टीलचे, जाड बुडाचे. आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये शिजवू नये आणि कल्हई नसलेल्या पितळेत तर मुळीच नको.

बरण्यांची तयारी कशी करावी?

काचेच्या बाटल्या आणि झाकणे धुऊन, पाण्यात बुडवून दहा मिनिटे उकळावीत आणि स्वच्छ कापडावर उपडी घालून पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. आतल्या एका थेंबानेही वरच्या थरातली साखर पातळ होते आणि बुरशीला तेवढी जागा पुरते. चिनी मातीची बरणी उकळण्याऐवजी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात दिवसभर ठेवावी. साखरांबा पूर्ण गार झाल्यावर भरून, तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडके, बांधावा.

गरम जाम काचेच्या बाटलीत भरायचा असेल तर बाटलीही गरमच हवी. हा धडा मला महाग पडला आहे: ओट्याच्या थंड दगडावर ठेवलेल्या बाटलीत मी उकळता गुळांबा ओतला, बाटलीचा तळ गोल चकतीसारखा अलग झाला आणि तो सगळा ऐवज ओट्यावरून ड्रॉवरमध्ये उतरला. बाटल्यांखाली लाकडी पाट किंवा जाड घडी असावी.

बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा वापरण्याचा मोह टाळावा. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या खालीही पसरलेले असतात. बरणी रिकामी करावी हेच बरे.

घरात साखरांबा, गुळांबा पडून आहे. त्याचा पाहुण्यांसाठी गोड पदार्थ कसा होईल?

खरे तर साठवणीच्या बरण्यांचा हाच उत्तम उपयोग आहे. साखर न घातलेला चक्का घोटून छोट्या वाट्यांत भरावा, वर दोन चमचे साखरांबा घालावा आणि भाजलेले काजू पसरावेत. आंबटगोड चव आपोआप जुळते आणि श्रीखंडापेक्षा हे हलके लागते. तांदळाच्या घावनाला गुळांबा लावून गुंडाळी करावी आणि नारळाच्या घट्ट दुधाबरोबर वाढावी. गुलकंद श्रीखंडात कालवताना साखर एक चतुर्थांशाने कमी करावी. गार दुधाच्या साध्या शेवयांच्या खिरीवर मोरावळ्याचे पातळ काप आणि त्याचा पाक घातलेला पाहुणे आवर्जून विचारतात. एक काळजी मात्र घ्यावी: गुळांबा उकळत्या दुधात घालू नये, दूध फाटण्याची शक्यता असते.

जेवणाआधी काय द्यावे असाही प्रश्न येतो. रातांब्यांच्या सालींत साखर भरून उन्हात ठेवून केलेले अमृत कोकम घरात असेल तर पेलाभर पाण्यात तीन चमचे, चिमूटभर मीठ आणि भरडलेले जिरे. दुसरे काही शोधू नये.

पाहुण्यांत मधुमेही, उपवास करणारे आणि दूध न घेणारे असे तिघेही आहेत.

उपवासाला श्रीखंड, बासुंदी, नारळवडी चालते, मात्र प्रत्येक घराची यादी वेगळी असल्याने आधी विचारून घ्यावे. दूध न घेणाऱ्यांना शहाळ्याची जेली, किंवा नारळाच्या दुधात केलेली वडी. ताटाला तुपाऐवजी खोबरेल लावावे. मधुमेहींच्या बाबतीत गुळाने फसवू नये. गूळ ही साखरच आहे आणि गुळांबा हा साखरांब्याइतकाच गोड आहे. त्यांच्यासाठी ताजी फळे कापून ठेवावीत आणि आग्रह करू नये, हे दुसरे पहिल्याहून अवघड आहे.

परदेशात चक्का आणि कैरी मिळत नाही.

पूर्ण स्निग्धांशाचे ग्रीक योगर्ट घ्यावे, पण डब्यावर स्टार्च किंवा जिलेटीन लिहिलेले असल्यास ते टाळावे. ते घट्ट दिसले तरी पंच्यात बांधून चार तास ठेवावेच. आंब्याच्या डब्याबंद रसात बहुधा साखर आधीच असते, म्हणून आम्रखंडात साखर चव पाहून घालावी. कैरीऐवजी ग्रॅनी स्मिथ सफरचंद लिंबाच्या रसासह चालते. ते कैरीसारखे लागते असे म्हणणार नाही. परंतु फेब्रुवारीच्या बर्फात पोळीबरोबर कुणी ते नाकारल्याचे ऐकिवात नाही.

दुधाचे गोड टेबलावर किती वेळ ठेवावे?

दोन तासांहून अधिक नको, आणि उन्हाळ्यात पंखा फिरत असला तरी एक तास. मोठे भांडे बाहेर ठेवण्यापेक्षा थोडे थोडे काढून आणावे. उरलेल्या भांड्यात वापरलेला चमचा गेला असेल, तर ते श्रीखंड त्याच दिवशी संपवावे.

जाताना पाहुण्यांना साखरांब्याची बाटली द्यायची आहे.

बाटली गळ्यापर्यंत भरू नये, बोटभर जागा सोडावी. चिठ्ठीवर पदार्थाचे नाव, केल्याचा महिना आणि फ्रीजमध्ये ठेवायचा की बाहेर, एवढे लिहावे. पाहुणे विमानाने जाणार असतील तर ती हातातल्या पिशवीत देऊ नये. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातसामानात 100 मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतला असा पदार्थ साधारणपणे अडवला जातो आणि तपासणीच्या रांगेत शेजारी कचऱ्याची टोपली असते. झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन, बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, ती मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्यभागी ठेवायला सांगावे. पांढरे कपडे असतील तर दुसऱ्या बॅगेत.